सामाईक टाकी

गळती थोरल्याच्या बाजूला होत होती, यातच धाकट्याचा डाव उघड होता.

सकाळी चहाचा कप घेऊन थोरला आपल्या खुर्चीत बसायला गेला आणि त्याचा मोजा ओला झाला. त्याने आधी कपाकडे पाहिलं, मग छताकडे, आणि मग जिथे त्याचं मन केव्हाच जाऊन पोचलं होतं तिथे, म्हणजे माशांच्या टाकीकडे. टाकीच्या खालच्या कोपऱ्यात एक थेंब तयार होत होता. तो फुगला, जरा रेंगाळला आणि पडला. त्याच्या जागी लगेच दुसरा हजर झाला, सरकारी कचेरीत कधी दिसत नाही इतक्या तत्परतेने.

"बघ," तो बायकोला म्हणाला, "केलंच शेवटी त्याने."

"कोणी काय केलं?"

"टाकी फोडली."

थोरलीने वाकून टाकीतून पलीकडे पाहिलं. "भाऊजी झोपलेत. पाय दिसताहेत त्यांचे."

"मग रात्री केलं असेल. म्हणून तर झोपलाय."

टाकी दोन घरांच्या मधल्या भिंतीत होती. वडिलांनी शेजारशेजारचे दोन फ्लॅट घेऊन मध्ये दार पाडलं होतं, मुलं एकत्र राहतील म्हणून. मुलं एकत्र राहिली, ती वडील होते तोवर. त्यांच्या माघारी वाटण्या झाल्या, आणि दोघे भाऊ इतके न्यायप्रिय निघाले की जेवणाचं टेबल थोरल्याकडे गेलं आणि त्याच्या खुर्च्या धाकट्याकडे. बरेच दिवस थोरला टेबलापाशी उभा राहून जेवला आणि धाकटा खुर्चीत बसून मांडीवर ताट घेऊन, पण माघार कोणी घेतली नाही. शेवटी राहिली वडिलांची माशांची टाकी. ती दोघांनाही हवी होती, म्हणजे दुसऱ्याला मिळायला नको होती.

थोरला तेव्हा जमीनमोजणी खात्यात होता. लोकांच्या बांधांवरची भांडणं फितीने सोडवण्यात त्याची हयात गेली होती. त्याने मधल्या दाराची चौकट मोजली, टाकी मोजली, आणि टाकी चौकटीत बसते असा निकाल दिला. कमरेइतक्या विटा रचून वर टाकी ठेवली, लांब काच एकाकडे एक, आणि टाकीच्या वर थेट चौकटीपर्यंत प्लायवूड ठोकलं. ते प्लायवूड टाकीच्या ऐन मध्यावर, तिच्या तोंडाच्या किंचित आत उतरत होतं. त्यामुळे झाकणंही दोन झाली, एक याचं आणि एक त्याचं. पाणी आणि मासे सामाईक.

तेव्हापासून भावांचं बोलणं बंद झालं. दिसणं मात्र सुरू राहिलं. माशांना खायला घालायचे वार वाटून घेतले होते, पण दुसरा स्वतःच्या वाराला त्यांना उपाशी ठेवतो याची दोघांनाही खात्री असल्यामुळे मासे रोज दोनदा जेवत, आणि अलीकडे त्यांना वळायला त्रास होत असे.

खरं सांगायचं तर थोरल्याला माशांची आवड कधीच नव्हती. पण निवृत्त झाल्यापासून त्याचा दिवस त्या काचेसमोर जाई. धाकटा ड्रायव्हिंग शिकवायचा आणि दुपारी जेवायला घरी यायचा. तो यायच्या आत थोरला खुर्चीत जाऊन बसलेला असे. आज त्याने किती वेळा वाढून घेतलं, बायकोवर कशावरून खेकसला, शर्टाचं कुठलं बटण ताणलंय, हे सगळं तो पाहून ठेवी. पाण्यातून धाकटा होता त्याहून जाड दिसे आणि हे थोरल्याला पाण्याचं मोठंच कर्तृत्व वाटे. संध्याकाळी थोरली कामावरून आली की तिला अहवाल मिळे. त्यात नवं असं काही नसे, पण राग मात्र रोज ताजा असे.

थोरली पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींच्या टेबलावर होती. दिवसभर लोकांच्या गळत्या ऐकून घरी आल्यावर स्वतःच्या घरात गळती सहन करायची तिची तयारी नव्हती. तिने मोजा उचलला, पिळला आणि म्हणाली, "मी गवंडी सांगते. विटा लावून टाकू, वर गिलावा. कटकट मिटली."

"गवंडी? कशाला?"

"भिंत घालायला. धाकटीशी बोलले मी. तिचंही तेच म्हणणं आहे."

"तू तिच्याशी बोलतेस?"

"मी सगळ्यांशी बोलते. तुमच्यात आणि माझ्यात तेवढाच फरक आहे." तिने फोन कानाला लावला आणि लगेच काढलाही. "येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी येतोय तो. त्याच्या आत टाकी भरून रात्रभर कोरडी राहिली तर राहू दे. एक थेंब दिसला तर भिंत."

"आणि मासे?"

"माशांचा एवढा कळवळा? त्यातला नर कोण नि मादी कोण ते सांगा बघू."

थोरल्याला मासे सगळे सारखेच दिसत होते. पण भिंत मात्र त्याला स्पष्ट दिसली. क्रीम रंगाची, गुळगुळीत, तिच्यावर कदाचित घड्याळ. अशा भिंतीसमोर बसून माणूस किती वेळ चिडू शकेल याचा त्याने प्रामाणिकपणे अंदाज घेतला. दहा मिनिटं. मुरलेला माणूस असेल तर पंधरा. पुढे काय? सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच्या आयुष्यात घडण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. हे बायकोला सांगणं शक्य नव्हतं. भावाला कळलं असतं तर देश सोडावा लागला असता.

"वडिलांची टाकी आहे," तो ताठ होऊन म्हणाला. "मी दुरुस्त करणार."

"अर्धी," थोरली म्हणाली. "अर्धी तुमची आहे."

मग अर्ध्या टाकीची परवानगी अर्ध्या टाकीकडे मागण्यात आली. थोरल्याने थोरलीला सांगितलं, थोरलीने धाकटीला फोन केला, धाकटीने धाकट्याला विचारलं, आणि हे चौघेही एकमेकांपासून पाच पावलांच्या आत उभे होते. उत्तर आलं: हात लावायचा तर दोघांनी लावायचा.

मासे दोन टबांत काढले. थोरल्याने गुपचूप जाडे निवडले. मग त्याने रबरी नळीचं एक टोक टाकीत सोडलं, दुसरं तोंडात धरून ओढलं, एक घोट सामाईक पाणी प्यायला आणि धार बादलीत लावली. पाणी प्लायवूडच्या खालच्या कडेखाली गेलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा पलीकडचा आवाज सरळ या घरात आला.

"दादा, नळी नीट धर. माझ्याकडे शिंतोडे उडताहेत."

दादा! किती वर्षांनी ती हाक आली होती. थोरल्याच्या आत काहीतरी हललं. बहुधा मगाचं पाणी असावं.

"तुझ्या काचेवरचं शेवाळ बघ आधी," तो म्हणाला. "घासायचं असतं ते. पाळायचं नसतं."

"घासलं की तू स्वच्छ दिसणार. आहे तेच बरंय."

अशा रीतीने संबंध पूर्ववत झाले. धाकट्याने 'दादा' मात्र सोडलं नाही. लहानपणची सवय. दादा म्हटल्याशिवाय त्याला शिवी सुरूच करता येत नसे.

टाकीच्या काचा एकमेकींना सिलिकॉनने चिकटवलेल्या असतात. तेच सिलिकॉन आतल्या कडांनी रबरासारखं बसलेलं असतं आणि जुनं झालं की सुटतं. ते ब्लेडने खरवडायचं, काच स्पिरिटने पुसायची आणि नवं भरायचं. काम सोपं होतं, एकट्या माणसाचं. पण मध्ये प्लायवूड होतं. त्याच्या खालून पलीकडच्या तळापर्यंत एकाचा हात सिलिकॉन भरायच्या गनसकट पोचत नव्हता.

"प्लायवूड काढा ना सरळ," थोरली म्हणाली.

"त्याच्या बाजूचे स्क्रू त्याला काढू देत. मग मी काढतो."

"दादाला म्हणावं, आधी तू."

प्लायवूड राहिलं. थोरल्याने फीत आणली. टाकीच्या तळावर, प्लायवूडच्या बरोबर रेषेत, त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी चिकटपट्टी लावली. पट्टीच्या अलीकडचे सांधे त्याचे, पलीकडचे धाकट्याचे.

"पट्टी सरकवलीस, दादा."

"मोजून घे."

"तू मोजलंयस म्हणजे सरकली असणारच. अर्ध्या तालुक्याच्या हद्दी तू अशाच सरकवून ठेवल्यास. लोक अजून कोर्टात आहेत."

"लोक कोर्टात तरी आहेत. तू शिकवलेले हॉस्पिटलात असतात."

धाकट्याने फीत घेतली, मोजलं, आणि फीत परत ढकलली. पट्टी बिनचूक होती, हा त्याला आपला अपमान वाटला.

दोघांनी एकाच वेळी काम करायला धाकट्याचा नकार होता. "एका टाकीत दोन डोकी नकोत. तू कर आधी. तुझ्या चुका बघून मी माझं नीट करतो." थोरल्यालाही ते पसंत होतं. भावाचा श्वास लागला तर सिलिकॉन नासेल असं त्याचं मत होतं. त्यामुळे रविवारी थोरल्याने आपल्या अर्ध्या टाकीचे सांधे भरले. मानेला रग लागेपर्यंत वाकून, गनचा घोडा थोडा थोडा दाबत, बोटाने सारखं करत. घरभर व्हिनेगरचा वास पसरला. सोमवारी धाकट्याने आपले सांधे भरले. तो काम करत होता तेवढा वेळ थोरला खुर्चीत बसून रिकाम्या टाकीतून पाहत होता.

"जाड होतंय."

"तुझ्यासारखं होतंय."

"कोपऱ्यात राहिलं."

"दादा, परीक्षा घ्यायला मी बसतो. तू गप्प बस."

बुधवारी पाणी भरलं. दोघेही आपापल्या बाजूला टॉर्च घेऊन उकिडवे बसले. पाणी अर्ध्यावर आलं, कोरडं. पाऊण, कोरडं. थोरल्याच्या चेहऱ्यावर समाधान यायला लागलं होतं, तेवढ्यात टाकीच्या डाव्या टोकाला, ऐन चौकटीत, विटेवर काहीतरी चमकलं. मग उजव्या टोकाला. थेंब दोन्ही टोकांना बरोबर हद्दीवर येत होता. त्यातला केसभरसुद्धा याच्या बाजूला किंवा त्याच्या बाजूला नव्हता.

"तुझा आहे."

"तुझा आहे! माझं सगळं कोरडं ठणठणीत आहे."

"माझंही कोरडंच आहे. मग पाणी काय आभाळातून आलं?"

धाकटी औषधांच्या दुकानात होती. बारीक अक्षर दिसलं की वाचायचं, हा तिच्या धंद्याचा रोग. तिने सिलिकॉनची नळी उचलली, चष्मा कपाळावर सरकवला आणि दोन्ही घरांना ऐकू जाईल असं वाचलं: "वाळलेल्या थरावर नवीन थर धरत नाही. एकाच बैठकीत, न थांबता लावावे."

रविवारचा थर सोमवारच्या थराला भेटला होता, पण भावांसारखाच. शेजारी उभा राहिला होता, चिकटला नव्हता.

"हे आधी वाचता येत नव्हतं?" धाकटा बायकोवर खेकसला.

"नळी कोणी दाखवली मला? एकमेकांनी चोरू नये म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवत होता दोघं."

इकडे थोरली फोनवर होती. "हो हो, सोमवारी नक्की. विटा तुम्हीच आणा. नाही हो, छोटंच भोक आहे, दाराएवढं."

थोरल्याने टाकीतून पलीकडे पाहिलं. धाकटा खरवडायचं ब्लेड हातात फिरवत होता. हे थोरल्याला खटकलं. भिंत होणार म्हटल्यावर त्याने नाचायला हवं होतं.

"दादा," धाकटा म्हणाला, "उद्या पाचनंतर मोकळा आहे मी. पुन्हा खरवडू. या वेळी एकदम करू. गन प्लायवूडच्या खालून द्यायची, घ्यायची. थांबायचं नाही."

"मला वेळच वेळ आहे."

"माहीत आहे. बसलेला असतोसच की."

गुरुवारी संध्याकाळी टाकी पुन्हा रिकामी, पुन्हा खरवडलेली, पुन्हा पुसलेली होती. निळी पट्टी काढून टाकली होती, कारण तिच्याखाली सिलिकॉन कसं भरणार, हा प्रश्न धाकटीने विचारला होता. सिलिकॉनवर काही मिनिटांत साय धरते. त्याच्या आत चारही कडा फिरून, सुरुवातीच्या टोकाशी ओल्याला ओलं मिळायला हवं होतं. थोरल्याने डाव्या टोकाच्या मध्यापासून सुरुवात केली.

"हळू. एकसारखा दाब ठेव. क्लचवरचा पाय एकदम काढू नकोस."

"मी जन्मात गाडी चालवलेली नाही."

"ते दिसतंच आहे. वळण आलं, वळण! मनगट फिरव, अख्खा माणूस नको फिरवूस!"

"ओरडू नकोस कानात."

"कानात कुठे, टाकीत ओरडतोय. पुढे बघ!"

थोरल्याने आपली लांब कड पार केली, उजवं वळण घेतलं आणि मध्याशी पोचला. "घे! घे लवकर, गळतंय!" प्लायवूडच्या खालून धाकट्याचा हात आला. त्याने गन धरली. थोरल्याने सोडली नाही.

"सोड की!"

"नीट धरलीस का?"

"धरली!"

"वडिलांची टाकी आहे. पाडलीस तर काच जाईल."

"दादा, साय धरतेय! सोड, नाहीतर आज मी काचेची पर्वा करणार नाही!"

थोरल्याने गन सोडली. ती सोडताना त्याला जितका त्रास झाला तितका वाटण्यांच्या वेळी झाला नव्हता. धाकटा वाकला, आणि आता बोलायची पाळी थोरल्याची होती. त्याने इतक्या वर्षांचं तुंबलेलं सगळं त्या एका कडेवर काढलं. हात थरथरतोय, दारूने असेल. मध्येच बारीक झालं, तुझ्या अकलेसारखं. फुगा आला, फोड तो. तोंडातून श्वास घेत धाकटा शेवटच्या वळणाशी आला आणि तिथून डाव्या टोकाच्या मध्याकडे सरकला.

"सुरुवात ओली आहे का अजून?"

"आहे. पळ."

"वीस वर्षं लोकांना सांगतोय, पळू नका म्हणून."

"आज पळ, गाढवा!"

तो पोचला. ओल्याला ओलं मिळालं. आता फक्त सांधा बोटाने दाबायचा होता, आणि दोन बाजूंनी दोन बोटं एकाच वेळी तिथे आली.

"बोट काढ."

"तू काढ. तुझं घाण आहे."

कोणीच काढलं नाही. सांधा त्यामुळे फारच छान दाबला गेला.

रविवारी पाणी भरलं. थोरल्याने खाली वर्तमानपत्रं अंथरली होती, म्हणजे थेंब पडला तर उमटेल. भरता भरता धाकट्याला काहीतरी आठवलं, आणि तो झाकणातून वाकून बोट रोखत म्हणाला, "आणि एक ऐकून ठेव दादा, त्या दिवशी वडिलांच्या खोलीत तू जे—" तेवढ्यात पाणी प्लायवूडच्या कडेला लागलं. त्याचे ओठ पुढे बराच वेळ हलत राहिले. थोरल्याने आपल्याला सगळं कळल्यासारखी मान डोलावली आणि तोंडाने एक शब्द केला, जो कळायला आवाजाची गरज नव्हती.

सकाळी वर्तमानपत्रं कोरडी होती. थोरलीने ती एकेक करून उचलली, हाताने चाचपली आणि गवंड्याला फोन करून येऊ नका म्हणाली. "राहिली बाबा तुमची टाकी," ती म्हणाली आणि कामावर गेली. थोरला विजयी मुद्रेने दोघांचे मासे दोन्ही टबांतून आत सोडायला मदत करून, म्हणजे पलीकडून धाकटा सोडत असताना नाक मुरडून, बाजारात गेला. येताना त्याने खुर्चीसाठी नवी उशी आणली.

दुपारी तो उशी घेऊन आला आणि थांबला.

धाकट्याच्या काचेवर निळा कागद लागला होता. माशांच्या दुकानांत टाकीमागे लावायला मिळतो तो, समुद्राचा, प्रवाळ आणि वर येणारे बुडबुडे छापलेला. या कडेपासून त्या कडेपर्यंत कुठे फट नव्हती. धाकटा नाही, त्याचं ताट नाही, टेबलाच्या खुर्च्या नाहीत. वर्षानुवर्षांत पहिल्यांदाच थोरल्याला टाकीत फक्त मासे दिसत होते.

तो बसला. त्याने एक मासा पाहिला. मग दुसरा पाहिला. मासे फार लवकर संपले.

संध्याकाळी थोरली आली. "अय्या, छान दिसतंय की! मासे कसे उठून दिसताहेत."

"त्याच्याकडून काय दिसत असेल माहीत आहे? कागदाची पांढरी पाठ." थोरल्याचा आवाज खोल गेला होता. "मी दिसू नये म्हणून त्याने स्वतःचे मासे घालवले. इतका नीच माणूस आहे." बोलता बोलता त्याच्या स्वरात किंचित आदर आला, आणि तो त्याला झटकता आला नाही. "गवंड्याला काय सांगितलंस?"

"येऊ नका म्हणून. का? बोलावू पुन्हा?"

तो उत्तर देणार तोच त्याला प्रवाळात काहीतरी हललेलं दिसलं. मासा नव्हता. मासे सगळे डावीकडे खाण्याची वाट पाहत होते. तांबड्या प्रवाळाच्या मधोमध, बऱ्याच खाली, बटणाएवढं एक भोक होतं. कागद कात्रीने कापल्यासारखा, पण घाईत, कडा वेड्यावाकड्या. त्या भोकात एक डोळा होता. पाण्यामुळे तो होता त्याहून मोठा दिसत होता. डोळ्याने थोरल्याकडे पाहिलं, खुर्चीवरच्या नव्या उशीकडे पाहिलं, पुन्हा थोरल्याकडे पाहिलं आणि तो तिरस्काराने मिटून उघडला.

"बघ," थोरला म्हणाला. त्याचा आवाज पुन्हा जागेवर आला होता. "बघितलंस? भोकसुद्धा धड पाडता येत नाही त्याला. किती खाली पाडलंय. रोज असा वाकून बघत बसला तर कंबर जाईल."

"मग सांगा तसं भाऊजींना."

"मी का सांगू? जाऊ दे कंबर."

त्याने खुर्ची उचलली, फीत न लावता ती भोकाच्या बरोबर समोर ठेवली, उशी थोपटली आणि डोळे वटारून बसला.